कोपऱ्यातलं माणूस

"थ्रो इन द टॉवेल," फळ्यावर लिहून मी मागं वळलो. "बोला. अर्थ?"

"हार मानणे!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"मराठीत काय म्हणाल?"

"नांगी टाकणे!" "हात टेकणे!" "शेपूट घालणे!" चहूकडून आवाज आले. मागच्या भिंतीपाशी कुणीतरी म्हणालं, "गावाकडं जाणे!" आणि सगळे हसले.

ते हसणं काही खरं नव्हतं. सदाशिव पेठेतल्या त्या पत्र्याच्या वर्गात गावाकडं जायला सगळेच भीत होते. आणि सगळ्यांत जास्त भीत होता तो फळ्यापुढचा माणूस, म्हणजे मी. सर्जेराव भोईटे, मुक्काम फलटण तालुका, वय छत्तीस. पोरांना मी इंग्रजी शिकवायचो आणि पोरं देत होती तीच एमपीएससीची परीक्षा मीही देत होतो. माझ्या हाताखालची पोरं पास होऊन फौजदार झाली, नायब तहसीलदार झाली. त्यांच्या सत्काराला स्टेजवर मला बसवायचे आणि निवेदक म्हणायचा, "भोईटे सरांनी अनेक अधिकारी घडवले." मी हात जोडायचो. मला घडवायचं तेवढं राहिलं होतं.

माझा रविवारचा वाक्प्रचारांचा तास मात्र गाजलेला. परीक्षेत उगम विचारत नाहीत, चार पर्याय देतात आणि गोल काळा करायला सांगतात. पण नुसता अर्थ पाठ केला की परीक्षेच्या हॉलमध्ये उडून जातो. गोष्ट सांगितली की राहतो. म्हणून मी उगम सांगायचो. काही खरे, काही लोकांनी मागून जुळवलेले. 'किक द बकेट'चे तर मी तीन वेगवेगळे उगम सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, "खरं कुणालाच ठाऊक नाही. पर्याय 'ब'वर खूण करा आणि पुढं चला."

त्या दिवशी मी टॉवेलच्या गोष्टीला हात घालणार तोच दारात संजीवनी दिसली. माझी बायको. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हाताशी आमची सहा वर्षांची जुई. काखेत काहीतरी गुंडाळी. ती वर्गावर कधीच यायची नाही, अभ्यासिकेच्या खाली उभी राहायची. पण त्या रविवारी बस लवकर पोचली असावी. मी खुणेनं मागचा बाक दाखवला. दोघी जाऊन बसल्या. दोन-चार पोरांनी माना वळवल्या, आणि बायको बघतेय म्हटल्यावर मलाही जरा चेव चढला.

"हे आलंय बॉक्सिंगमधून," मी सुरू केलं. "चौकोनी रिंगण, चार कोपरे. बॉक्सरचा एक कोपरा ठरलेला. फेरी संपली की तो तिथं स्टुलावर येऊन बसतो. तिथं त्याचं एक माणूस असतं. इंग्रजीत त्याला सेकंड म्हणतात, आपण कोपऱ्यातलं माणूस म्हणू. ते काय करतं? पाणी पाजतं, घाम पुसतं, रक्त पुसतं, पाठीवर हात मारतं आणि कानात सांगतं, 'जा. अजून एक फेरी.' पूर्वी पुसायला स्पंज असायचा. त्यामुळे आधीचा वाक्प्रचार होता स्पंज फेकणे. पुढं टॉवेल आला. आपला गडी लईच मार खायला लागला, की कोपऱ्यातलं माणूस काय करतं?"

उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा. माझ्या खांद्यावर कायम एक टॉवेल असायचा, घामालाही आणि फळ्यालाही. तो मी काढला आणि झोकात टेबलावर फेकला. खडूचा धुरळा उडाला. पोरं खूश.

"खलास. पंच मध्ये येतो, लढत बंद. लिहून घ्या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक मान वरच राहिली. प्रणाली नावाची मंगळवेढ्याकडची मुलगी होती, बोलायची कमी.

"सर, पण मग हार बॉक्सर मानतो कुठं?"

"म्हणजे?"

"टॉवेल तर त्याच्याकडं नसतोच. आपल्याकडं नांगी टाकायची तर विंचवानंच टाकायची. इथं दुसरंच कुणीतरी टाकतंय. त्याला विचारतात तरी का?"

मी ही गोष्ट कितीदा तरी सांगितली असेल, पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी टेबलाला टेकलो.

"नाही विचारत. विचारून उपयोग नसतो. अगं, त्याला विचारलं तर तो कायम म्हणणार, अजून एक फेरी. त्याला खरंच वाटत असतं की आता एक ठोसा नीट बसला की काम झालं. मार खाऊन खाऊन डोकं सुन्न झालेलं असतं. त्याला फक्त समोरचा दिसतो. आपण कसे दिसतोय ते त्याला दिसत नाही. ते कोपऱ्यातनं दिसतं."

"आणि त्याला राग आला तर?"

"येतोच. काही जण तोच टॉवेल उचलून रिंगणाबाहेर भिरकावतात."

"मग?"

"मग काय? कोपऱ्यातल्यानं परत टाकायचा. शिव्या खायच्या, पण टाकायचा. तेवढ्यासाठीच तर त्याला तिथं उभं केलेलं असतं."

पोरं हसली. मी सवयीनं मागच्या बाकाकडं पाहिलं. संजीवनी हसत नव्हती. ती उपकेंद्रात नर्स आहे. पेशंट 'मला काही झालेलं नाही' असं सांगत असताना ती त्याच्याकडं जशी बघते, तशी माझ्याकडं बघत होती.

तास संपल्यावर ती पुढं आली. टेबलावरचा टॉवेल तिनं दोन बोटांनी उचलला.

"शी! किती मळवलाय हो. जनावरं पुसता की काय? राहू द्या माझ्याकडं, धुऊन पाठवते." आणि तो तिनं पिशवीत कोंबला.

आम्ही अभ्यासिकेकडं चालायला लागलो. दुपारचं ऊन, रस्त्यावर झेरॉक्सची दुकानं, चहाच्या टपऱ्या, आणि सगळीकडं पाठीवर सॅक घेतलेली पोरं. जुई माझं बोट धरून विचार करत होती.

"बाबा, ते दोघं मारामारी कशाला करतात?"

"खेळ असतो तो, बाळा."

"मग रक्त आल्यावर त्याची आई का येत नाही सोडवायला?"

"आईला आत सोडत नाहीत," मी म्हणालो. "तिला तिकीट काढावं लागतं."

संजीवनी पुढं चालत राहिली. एरवी ती अशा जागी मला एखादा टोला हाणायची.

तिच्या येण्याचं कारण दोघांनाही माहीत होतं. त्याच आठवड्यात पूर्व परीक्षेचा निकाल लागला होता आणि मी उडालो होतो. मी फोनवर म्हणालो होतो, "गेलं." ती म्हणाली होती, "असू द्या. रविवारी येते." आमचं हे दर वर्षीचं ठरलेलं होतं. सण असतो ना, तसं. निकाल लागायचा, मी पडायचो, पुढच्या रविवारी ती डबा घेऊन यायची. आम्ही जेवायला बसायचो. मी म्हणायचो, "आता सोडावं म्हणतो." ती म्हणायची, "नको. एवढं केलंय तर अजून एकदा." मी मान हलवायचो. मग ती आणि जुई संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या आणि मी पुन्हा इतिहासाचं पहिलं पान उघडायचो.

एकदा मी मुलाखतीपर्यंत गेलो होतो. तेच वाईट झालं. त्या वर्षी पूर्वलाच उडालो असतो तर केव्हाच शहाणा झालो असतो.

अभ्यासिका एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. लाकडी फळ्या लावून केलेले खुराड्यासारखे कप्पे, एकात एक माणूस. रविवारी दुपारी निम्मी पोरं पुस्तकावर डोकं ठेवून घोरत असायची. माझी जागा अगदी टोकाला, भिंतीलगत. तिथं आधी बसणारा एक जण उपजिल्हाधिकारी झाला होता. अशी जागा रिकामी झाली की तिच्यावर उड्या पडतात, मला ती वशिल्यानं मिळाली होती. जागा लाभाची आहे असं सगळे म्हणायचे. माझ्याबाबतीत तिचं काय बिनसलं ते कुणी बोलायचं नाही.

शेजारच्या कप्प्यात कोळेकर नावाचा जतचा पोरगा होता, नुकतीच पदवी झालेला. तो उठून उभा राहिला.

"काका, वहिनी आल्या का?" मग स्वतःच गोंधळला. "म्हणजे... काकू."

"बस रे," मी म्हणालो. "अभ्यास कर."

संजीवनी काखेतली गुंडाळी घेऊन माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली होती. ती खुर्चीवर टाकायची उशी होती. जुन्या साडीच्या चौकडीची खोळ, आत भरगच्च कापूस. माझी आधीची उशी चपटी होऊन तिची चकती झाली होती, म्हणून तिनं नवीन शिवून आणली होती. पुढच्या वर्षासाठी.

भिंतीवर माझं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्याचा एक कोपरा सुटला होता. संजीवनीनं त्याखाली नख घातलं. खाली आणखी एक वेळापत्रक होतं. त्याच्याखाली आणखी एक. डिंकानं एकमेकांना धरून बसलेली. ती एकेक पापुद्रा उचलून बघत राहिली. अक्षर सगळ्यांवर माझंच, आणि पहिली ओळ सगळ्यांवर एकच. पहाटे पाचला उठणे.

"उठत होता का हो?" तिनं विचारलं.

"सुरुवातीला."

तिनं कागद तळहातानं परत दाबून बसवले. रडणाऱ्या पोराला थोपटावं तसे.

"टाक की उशी," मी म्हणालो.

"राहू द्या."

"अगं, त्यासाठीच आणलीस ना?"

"राहू द्या म्हटलं ना."

उशी तिनं काखेतच धरली. बाहेर पडताना ती कोळेकरपाशी थांबली, त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. तो माझ्याकडं बघून मान डोलवत होता. मला वाटलं, माझ्या जेवणाकडं लक्ष दे म्हणत असेल.

जवळच एका देवळाला बसायला ओटा होता, तिथं आम्ही डबा उघडला. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, आणि जुईसाठी गूळपोळी. मेसच्या पातळ आमटीवर जगणाऱ्या माणसाला ते जेवण म्हणजे दिवाळी. पण माझा घास फिरत होता. संजीवनी माझ्या हाताकडं बघत होती. हात थोडा थरथरायचा हल्ली. मी तो मांडीखाली घेतला.

मग मी माझं वाक्य म्हणालो.

"आता सोडावं म्हणतो."

जुईच्या तोंडाला गूळ लागला होता. संजीवनीनं पदरानं तो पुसला. मी वाट बघत होतो. देवळातली घंटा कुणीतरी वाजवली. 

तिला ऐकू आलं नसेल म्हणून मी परत म्हणालो, "मी म्हणतो, आता सोडून द्यावं."

"घास घ्या," ती म्हणाली. "वांगं गार होतंय."

मला कसंसंच झालं. नाटकात समोरच्यानं त्याचं वाक्य गाळलं की होतं, तसं. मीच पुढं बोलायला लागलो. "म्हणजे वयात अजून एक अटेम्प्ट बसतो, तसं बघितलं तर. या वेळी गणितानं घात केला. गणित सुधारलं तर..."

"आपल्या गावच्या शाळेतले सरडे सर भेटले होते," ती मध्येच म्हणाली. "मुख्याध्यापक. त्यांना इंग्रजीला माणूस हवाय. मागच्या महिन्यातपण विचारत होते."

"मग? तू काय म्हणालीस?"

"मागच्या महिन्यात म्हटलं, नाही जमायचं, त्यांची परीक्षा आहे."

"बरं केलंस," मी म्हणालो.

तिनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. दोन-तीनदा दाबलं, मग तसंच ठेवून दिलं.

स्वारगेटला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. रविवार संध्याकाळ म्हणजे स्टँडवर जत्रा. फलटणची गाडी फलाटाला मागं मागं येत होती आणि माणसं ती थांबायच्या आधीच खिडक्यांना लोंबकळायला लागली होती. जागा धरायची आपली रीत सगळ्यांना माहीत आहे. खिडकीतून रुमाल टाकायचा, पिशवी टाकायची, टोपी टाकायची, वेळ पडली तर पोरगं टाकायचं. जिथं टाकलं ती जागा आपली. मग दारातनं निवांत चढायचं. कायदा नाही, पण तो मोडत कुणी नाही. एरवी ते काम माझं असायचं. मी संजीवनीचा रुमाल घेऊन खिडकीतून टाकायचो, दोघींना बसवायचो, पिशवी वर ठेवायचो, खाली उतरून हात हलवायचो.

त्या दिवशी संजीवनीनं पिशवीत हात घातला, माझा तो मळका टॉवेल काढला, टाचा उंच केल्या आणि खिडकीतून नेम धरून आत टाकला. तिघांच्या बाकावर तो ऐसपैस पसरला.

"चला," ती म्हणाली.

मी जुईला कडेवर घेऊन रेटारेटीत चढलो. जुई खिडकीला, संजीवनी मध्ये. मी पिशवी वर ठेवली आणि वळलो.

"बसा," संजीवनी म्हणाली. तिनं कडेच्या जागेवरचा टॉवेल थोपटला.

"अगं, गाडी सुटेल."

"सुटू द्या. बसा."

"काय चाललंय तुझं? मी कुठं येतोय?"

"घरी. उद्या सरडे सरांना भेटायचं. सामानाचं मी कोळेकरला सांगितलंय, तो पोतं भरून गाडीवर टाकून देईल. वर्गाला उद्या फोन करा."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि जे उसळलं ते आठवलं तरी आज कानशिलं तापतात.

"तू कोण ठरवणार?" मी ओरडलो. भरल्या गाडीत. "माझा एक अटेम्प्ट राहिलाय! एक! आठ वर्षं घासलीत मी इथं. लोक काय म्हणतील? भोईटे बायकोच्या मागनं घरी आला?"

"एकच राहिलाय," ती हळू म्हणाली. "तो दर वर्षी एकच राहिलेला असतो."

मी टॉवेल उचलला आणि जुईच्या डोक्यावरून खिडकीबाहेर भिरकावला.

"बाबा, टॉवेल पडला!" जुई म्हणाली.

 मागच्या एकानं घसा खाकरला. मला वाटलं, आता ही तोडून बोलेल, नाहीतर मान खाली घालून बसेल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. ती उठली, माझ्या अंगाला अंग घासून वाट काढत दारापर्यंत गेली, खाली उतरली. खिडकीतून मला दिसत होतं. टॉवेल फलाटाच्या कडेला तेलकट चिखलात पडला होता. तिनं तो उचलला, झटकला, घडी केली. आणि खिडकीखाली येऊन पुन्हा आत टाकला.

तेवढ्यात एक म्हातारबाबा रिकामी जागा बघून बसायला वाकले होते. टॉवेल बरोबर त्यांच्या फेट्यावर.

"आरं तिच्या! बाई, डोक्यावर टाकताय व्हय?"

"माफ करा बाबा," खालून संजीवनी म्हणाली. "जागा धरलीय ती. माणूस उभंय तिथंच."

बाबांनी माझ्याकडं वर-खाली पाहिलं, टॉवेल काढून बाकावर ठेवला आणि पुढं सरकले.

मी खिडकीतून खाली वाकलो. "संजीवनी, वर ये. तमाशा नको."

"होऊ दे तमाशा." तिचा आवाज फुटला. बाळंतपणं करणारी बाई ती, तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. "मला वाटायचं, दमलात की तुम्ही सांगाल. मला कुठं ठाऊक की तुम्हाला कळणारच नाही म्हणून? आज तुम्हीच म्हणालात ना त्या पोरांना, की कोपऱ्यातनं दिसतं? मला दिसत होतं हो. हात थरथरतो तो दिसत होता. झोपेत प्रश्नांची उत्तरं देता ते दिसत होतं. तरी मी दर वर्षी येऊन सांगत राहिले, अजून एकदा, अजून एकदा. सोडा म्हटलं तर तुम्हाला वाटेल, हिचासुद्धा विश्वास उडाला."

खाली एक पॉपकॉर्नवाला टोपली डोक्यावर घेऊन उभा राहिला होता. त्याच्याकडं तिचं लक्षच नव्हतं.

"आणि मी दर वर्षी सांगत होतो की सोडतो म्हणून," मी म्हणालो. माझा आवाज माझाच वाटेना. "मी वाट बघत होतो, संजू. तू एकदा तरी 'सोडा' म्हणशील म्हणून."

ती वर बघत राहिली. मी खाली. चार वर्षांपूर्वी मुलाखतीत पडलो, त्या रविवारीही मी याच वाक्याची वाट बघितली होती. माझ्यासाठी ती दळण, दवाखाना, माझे आई-बाप, पोर, सगळं एकटीनं ओढत होती. ती म्हणतेय अजून एकदा, तर मी कुठल्या तोंडानं थांबणार होतो? आणि मी मान हलवून पुन्हा अभ्यासाला बसतोय, तर ती कुठल्या तोंडानं थांबवणार होती? एकमेकांचं मन राखायच्या नादात आम्ही आठ वर्षं एकमेकांना मार खायला लावला होता.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ ताई, यायचंय का राहायचंय?"

"त्यांना विचारा," संजीवनी म्हणाली आणि खिडकीखालून हलली नाही.

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. गाडीतल्या सगळ्यांनी पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा डोक्यात गणिताचं पुस्तक आलं. गणित सुधारलं तर जमेल, असंच आलं. एक ठोसा नीट बसला तर. मग मला प्रणालीचा प्रश्न आठवला, आणि माझंच उत्तर.

"ये वर," मी म्हणालो.

ती चढली. मध्ये जाऊन बसली. मी टॉवेल उचलून मांडीवर घेतला आणि कडेला टेकलो. टॉवेलवर खडू होता, घाम होता, आता स्टँडवरचं काळं तेलही लागलं होतं.  बेल वाजली, गाडी हलली. अभ्यासिकेतल्या त्या जागेवर दुसऱ्या दिवशी कोळेकर सरकला, असं त्यानंच मला नंतर फोनवर सांगितलं. घाबरत घाबरत विचारत होता, काका, चालेल ना?

हडपसर मागं पडलं तसा कंडक्टर तिकिटं फाडत आमच्या बाकापाशी आला.

"बोला."

एरवी हे संजीवनी बोलत असणार, एक फुल, एक हाफ. तिनं पैसे काढून मुठीत धरले होते, पण ती तोंड उघडेना. खिडकीबाहेर बघत राहिली. जुई माझ्याकडं बघत होती.

"बोला की साहेब, किती?" कंडक्टर म्हणाला. साहेब म्हणाला. मला हसूच आलं.

"फलटण," मी म्हणालो. "दोन फुल, एक हाफ."

त्यानं तिकिटं दिली, संजीवनीनं मूठ उघडली. मग तिनं पायाशी ठेवलेली ती नवीन उशी उचलली, माझी मान पुढं केली आणि मागं सरकवली. कापूस कडक होता अजून. दिवे घाट चढायला लागल्याचं मला आठवतं. जेजुरी कधी येऊन गेली, कळलंच नाही.